रामटेके सिस्टरांचा तिसरा वॉर्ड

रामटेके सिस्टरांनी पहिल्या दिवशी मला काम दिलं नाही, झोपवलं. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची एक खाट रिकामी होती. तिकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "झोप तिथी. एक घंटा उठाचं नाई. तहान लागली, लघवी लागली, तं मले आवाज दे."

मी साताऱ्याकडची. तीन वर्षं नोकरी करून बदलीवर आलेली, म्हणजे अगदीच नवखी नव्हते. कडक इस्त्रीचा गणवेश, हातात बदलीचा कागद. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तरी मी झोपले. दहा मिनिटांत खाटेच्या मधला झोळ कमरेला जाणवायला लागला. पाण्याचा गडू स्टुलावर होता, पण हात पुरत नव्हता. डॉक्टर फेरीला आले, माझ्या डोक्यावरून, मी तिथं नसल्यासारखे सोबतच्या सिस्टरशी बोलले आणि पुढं गेले. तासानं रामटेके सिस्टर आल्या.

"काय दिसलं?"

"गडू लांब आहे," मी म्हटलं.

"मंग सरकव. अन् बाकीच्या खाटांचेबी पाहून ये."

एवढंच माझं शिक्षण. उरलेलं मी त्यांच्या मागं मागं फिरून घेतलं.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते तालुक्याचं गाव. तीस खाटांचं सरकारी रुग्णालय, मागं सागाची झाडं, पुढं रस्ता, आणि त्या रस्त्यानं दिवसभर बल्लारपूरकडे जाणारे बांबूचे ट्रक. भात रोवणीच्या दिवसांत तापाचे पेशंट, कापणीच्या दिवसांत विळ्याचे आणि सापाचे. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून पुन्हा वापरायच्या. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. सगळीकडे असंच चालायचं.

रामटेके सिस्टर तिथल्या इन्चार्ज. नाव वनमाला, पण त्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. सगळे 'बाई' म्हणत. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. बुटक्या, काळ्यासावळ्या, रुंद खांद्यांच्या. पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही एक नंबर मोठे. ते का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. खिशात कायम फुटाणे. वॉर्डात पाय टाकला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काऊन, जेवले का?" कुणी पेशंटला 'दोन नंबरची खाट' म्हटलं तर ओ द्यायच्या नाहीत. नाव घेतलं की मगच वळायच्या.

लग्नाबद्दल मी एकदाच विचारलं. म्हणाल्या, "झालं होतं. दोन वर्षं पाहिलं. मंग मीच निघून आली." पुढं विचारायची सोय ठेवली नाही.

ड्यूटी रूममध्ये सहा कप होते, सगळे सारखे. एकाचा कान तुटला तर बाई सहाच्या सहा बदलायच्या. डॉक्टर असो, झाडूवाली असो, पेशंटचा नातेवाईक असो, चहा त्या कपांतूनच. एक नवा कारकून आला आणि घरून स्वतःचा स्टीलचा ग्लास घेऊन आला. खिळ्याला वेगळा टांगून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्या ग्लासात जंतुनाशकाचं पाणी होतं आणि त्यात चार थर्मामीटर उभे होते. कारकून कपातून चहा प्यायला.

त्यांचं मूळ गाव सिंदेवाहीच्या पुढं. छप्पन साली वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा बाई बारा वर्षांच्या. त्याआधी शाळेत त्यांना पाणी वरून ओंजळीत मिळायचं, तेही शिपायाच्या मनात आलं तर. हे त्यांनी मला सुया मोजता मोजता सांगितलं, बाजाराची गोष्ट सांगावी तसं. "शिपाई गडू उंच धरे. पानी आंगावर सांडे. थंडीत ओल्या कपड्यानं बसा लागे. म्हणून मले कप सारखे पायजेत." आणि पुन्हा सुया मोजायला लागल्या.

अंजनाबाईची गोष्ट मी आल्याच्या पहिल्या वर्षातली. ही सिंदेवाहीकडची, चौतीस-पस्तीस वर्षांची, शेतकऱ्याची बायको. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दिवसाकाठी अख्ख्या बांदीतली, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातली रोवणी एकटीनं ओढायची. मग बोटांची पेरं सुजली, मनगटं सुजली, गुडघे धरले. सकाळी उठल्यावर दोन-तीन तास हात उघडायचेच नाहीत. दुपारी जरा बरी व्हायची. घरच्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. बाजारातल्या एका वैद्याच्या बिननावाच्या पुड्या खाऊन तिचा चेहरा चंद्रासारखा फुगला होता. पुड्या बंद केल्या की दुप्पट दुखायचं. बाईंनी त्या पुड्या हातात घेऊन हुंगल्या आणि डॉक्टरांपुढं ठेवल्या; यात स्टेरॉईड मिसळलेलं असणार, असं ते म्हणाले. पुढचे औषधोपचार नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून विचारून सुरू झाले.

नवरा वासुदेव दर आठवड्याला यायचा. माणूस वाईट नव्हता, पण ठाम होता. "सकारी कामाच्या वक्ताले हिचे हात धरतेत," तो बाईंना म्हणाला, "अन् दुपारी शेजारणीसंग बोलाले बरी असते. आता तुमीच सांगा, हे काय दुखणं होय?"

बाईंनी त्याला ड्यूटी रूममध्ये बसवलं. चहा दिला. तो प्यायल्यावर म्हणाल्या, "हात दाखव." त्यानं पुढं केले. बाईंनी मला प्लॅस्टरची पट्टी भिजवायला सांगितली आणि त्याच्या दोन्ही हातांची बोटं, अंगठे सोडून, थोडी वाकलेल्या स्थितीत बांधून टाकली. मनगटंही धरली. आपल्या पायातले कॅनव्हासचे बूट काढून एकेका बुटात मूठभर खडे टाकले आणि त्याला घालायला लावले.

"आता असा राह्य. तिची सकाळ तीन घंट्याची असते. तू बी तीन घंटे राह्य. तिचं तोंड धुवून दे, चहा करून पाज, तुझं धोतर तू सांभाळ."

पहिला अर्धा तास तो हसत होता. वॉर्डातल्या बायकाही हसत होत्या. मग त्यानं स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला, काडीपेटी दोनदा खाली पडली. पातेलं उचलताना पाणी सांडलं. तासाभरानं तो मागच्या बाजूला गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा धोतर कसंबसं खोचलेलं होतं आणि मान खाली होती. बारा वाजता बाईंनी प्लॅस्टर कापून काढलं. तो बोटांकडे बघत बसला.

"हे तं निघालं," तो म्हणाला.

"तुझं निघालं," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात वासुदेव आला तो बांबूच्या वस्तू घेऊन. त्यांच्या शेजारी बुरडाचं घर होतं. त्याच्याकडे बसून, कामट्या तासून त्यानं बोटांना आधार देणारी पन्हळी बनवली होती, आत कापूस आणि जुनं धोतर शिवलेलं. पळीला जाड मूठ, गडूला दोन कान. बाईंनी प्रत्येक वस्तू अंजनाच्या हातात देऊन पाहिली. एक पन्हळी परत केली, "अंगठ्याकडं टोचून राह्यली." तो दुसरी करून घेऊन आला. नंतर आमच्याकडे सांध्यांचा जो पेशंट येई, त्याच्यासाठी वासुदेवला निरोप जायचा.

त्याच हिवाळ्यात मला बाईंच्या बुटांचं कळलं. आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. रोज पहाटे त्यांच्याकडून स्टोव्हचा आवाज यायचा. मला वाटायचं, लवकर उठायची सवय असेल. एका सकाळी ड्यूटीच्या आधी दार वाजलं. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"हुक लावून दे."

मी पाठीचे हुक लावले. त्या वळल्या तेव्हा हात दिसले. पेरं सुपारीएवढी, कातडी ताणून चकाकलेली, बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली. अनवाणी पायांची बोटंही तशीच सुजलेली; म्हणून ते मोठे बूट. हे हात मी रोज पाहत होते. पण मी पाहत होते ते सकाळी आठनंतरचे. त्याआधी चार तास त्या स्टोव्हवर पाणी तापवून, त्यात हात बुडवून, एकेक बोट उघडत बसत होत्या.

"काय पाहतं? अंजनाले आहे तेच आहे."

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं."

"बाई, मग रजा घ्या ना. थोडे दिवस तरी."

"सकाळ सरली का हात उघडतात," त्या म्हणाल्या. "मंग दिवसभर घरी बसून उघड्या हातांचं काय करू?"

दुखणं थांबवायला त्या ॲस्पिरिन इतक्या घ्यायच्या, की कानात रातकिडे ओरडायचे. डाव्या बाजूनं बोललेलं कधीकधी ऐकू यायचं नाही. लोकांना वाटे, बाई मुद्दाम दुर्लक्ष करतात. अर्ध्या वेळा तेही खरं असायचं.

शंकर गेडाम आला त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. पोंभुर्ण्याकडचा, बांबूच्या ट्रकवर ड्रायव्हर, तिशीतला. ताप जाईना, हगवण थांबेना, उंचापुऱ्या माणसाचा सापळा झालेला. तोंड आतून पांढऱ्या बुरशीनं भरलेलं, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. आधी क्षय धरला, मग टायफॉईड. शेवटी डॉक्टरांनी रक्त नागपूरला पाठवलं. तो रोग तेव्हा आम्ही फक्त वर्तमानपत्रात वाचला होता; मुंबई-मद्रासचा, परदेशातला. तीन आठवड्यांनी बंद पाकिटात उत्तर आलं.

दुपारपर्यंत पाकिटातला शब्द अख्ख्या रुग्णालयाला माहीत झाला होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट सलाईन काढायला लावून घरी गेला. वॉर्डबॉय नत्थूभाऊ, वीस वर्षं नोकरी झालेला माणूस, शंकरच्या जेवणाची थाळी दाराबाहेर ठेवून काठीनं आत सरकवायला लागला. डॉक्टर भले होते, पण त्यांचीही दोन लहान मुलं होती. त्यांनी हुकूम दिला: पेशंटला मागच्या शेडमध्ये हलवा. सागाच्या झाडांखाली, प्रेतं तपासायच्या खोलीच्या शेजारी एक पडीक खोली होती, तुटक्या खाटा ठेवायची. भिंतीवर गेरूनं लिहायचं, 'आत येऊ नये'. भांडी वेगळी, कप वेगळा, त्यावर लाल खूण.

बाई ऐकून घेत होत्या. कपाचा उल्लेख झाला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"साहेब, कप वेगळा नाई होणार."

"सिस्टर, हा संसर्गजन्य रोग आहे. अंतर ठेवावंच लागेल."

"कपानं होत नाई, हे तुमच्याच पुस्तकात आहे. तुमीच मले वाचाले दिलं होतं. रक्ताले मी हातमोजे घालीन, चादरी ब्लिचिंगच्या पाण्यात टाकीन, सुया अलग उकळीन. जे पायजे ते सगळं करीन. पण अंतर काय असते ते मले शिकवू नका. ते मी लहानपणापासून पाहून राह्यली."

डॉक्टरांनी हुकूम मागं घेतला नाही. दुसऱ्या दिवशी शंकर शेडमध्ये गेला. आणि त्याच्या मागोमाग बाईंचं टेबल, खुर्ची, ड्यूटीचं रजिस्टर, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या, कापडाच्या कपाटाच्या किल्ल्या आणि ते सहा कपही गेले. टेबल बाईंनी आणि मी उचललं, कारण दुसरं कुणी उचललं नाही. 'आत येऊ नये'च्या खाली बाईंनी खडूनं लिहिलं, 'वॉर्ड नं. ३'.

रुग्णालयात वॉर्ड दोनच होते.

सकाळी आठ वाजता ड्यूटी बदलताना सही करायची, तर रजिस्टर तिसऱ्या वॉर्डात. कुणाला गॉज हवं, कुणाला चादर हवी, किल्ली तिसऱ्या वॉर्डात. पहिल्या दिवशी दोघी सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "बाई, किल्ली फेका ना." बाई म्हणाल्या, "सरकारी किल्ली आहे. फेकता नाई येत. या, शंकरभाऊले विचारा कसं वाटते, अन् घेऊन जा."

डॉक्टर आले. दारातच थांबले, तोंडावर रुमाल.

"हे काय चालवलंय सिस्टर?"

"तुमचाच हुकूम आहे साहेब, पेशंटले इथी ठेवाचं. पेशंट जिथी, इन्चार्ज तिथी. दुसरा हुकूम असंल तं कागदावर द्या, मी फाईलले लावते."

कागद आला नाही. शंकर खाटेवरून हे सगळं बघत होता. डॉक्टर गेल्यावर तो बऱ्याच दिवसांनी हसला. ओठ फाटले होते, म्हणून हसतानाही त्यानं हात लावला.

मीही भ्यायले होते, हे लपवत नाही. सलाईन लावायची वेळ आली तेव्हा बाईंनी सुई माझ्यापुढं धरली.

"तू लाव."

"बाई, मी?"

"माझी बोटं आता भरवशाची नाई राह्यली. माझ्या हातानं मलेच टोचली तं लोक म्हणतील, पाहा, जवळ गेली म्हणून झालं. मंग त्या भेवानं कोणी जवळ जाणार नाई, अन् असे सगळे पेशंट मरतील." मग जरा थांबून म्हणाल्या, "रक्ताले भे. भ्याचंच. माणसाले भेऊ नको. दोन्ही गोष्टी एकाच वक्ताले करता येतात."

मी हातमोजे घातले आणि लावली. घाईत चिकटपट्टी दोनदा वाकडी लागली. शंकर म्हणाला, "सावकाश ताई. घाट नाई हा."

त्याची काळजी घेणं म्हणजे औषध फारसं नव्हतंच. तोंडात दिवसातून चार वेळा जांभळं औषध, भाताची कोमट पेज चमच्यानं, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला स्पिरीट आणि पावडर. बाईंना चमचाही नीट धरता येत नव्हता. त्यांनी वासुदेवकडून जाड मुठीचा चमचा करून आणला आणि मनगटाला पट्टीनं बांधून घेतला. एका कण्हणाऱ्या माणसाला दुसरं कण्हणारं माणूस भरवतंय, आणि दोघं बोलतायत रस्त्यांबद्दल. शंकरला प्रत्येक वळण माहीत होतं. खाटेवर पडल्या पडल्या रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजावरून तो सांगायचा, गाडी भरलेली आहे की रिकामी, गिअर कुणी उशिरा टाकला. "हा नवा पोरगा आहे," म्हणायचा, "गाडीले मारून राह्यला."

अंजनाबाई महिन्याच्या तपासणीला आली की तिसऱ्या वॉर्डाच्या ओट्यावर बसायची. किल्ल्या तिथं म्हणजे औषधही तिथं. एकदा तिनं आतल्या शंकरला विचारलं, "तुमाले बी लोक म्हणत होते का, सोंग करते म्हणून?" तो म्हणाला, "नाई बाई. मले तं लोक काईच म्हणत नाई. नुस्ते निघून जातेत."

त्याची बायको तारा त्याच्याबरोबर आली होती. पण पाकिटातला शब्द फुटला त्याच दिवशी भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेले होते. शंकर तिचं नाव घेत नव्हता. बाईंनी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेतलं आणि एस.टी.नं आम्ही पोंभुर्ण्याला गेलो. तिथून चार मैल पायी. त्या बुटांतून त्या कशा चालल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक. वाटेत दोनदा बसल्या, दोन्ही वेळा म्हणाल्या, "तू दमली असंल."

ताराच्या भावानं अंगणातच अडवलं. "तिले काऊन मराले नेता?"

"मी न्यायले नाई आली," बाई म्हणाल्या. "सांगाले आली. मले तिच्यासंग एकटीनं बोलू दे. मंग ती नाई म्हणाली तं मी चालली जाईन."

भाऊ तयार होईना. बाई पायरीवर बसल्या आणि खिशातले फुटाणे काढून खायला लागल्या. शेजारपाजारचे जमले. तासाभरानं ताराच घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "बोला."

कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यामागं बाईंनी तिला सगळं सांगितलं. हा रोग कशानं होतो, कशानं होत नाही. शब्द चोरले नाहीत. नवरा-बायकोच्या संबंधानं होतो हे सरळ सांगितलं, आणि तिलाही असू शकतो, हेही. ती चोवीस-पंचवीसची पोर, पण रडली नाही.

"मी त्याची सेवा केली तं मले होईल का?"

"सेवेनं नाई होत. व्हायचं असंल तं आधीच झालं असंल. तुझं बी रक्त तपासू."

"त्यानं मले सांगतलं नाई."

"त्याले माहीत नव्हतं, असं तो म्हणते. तुले राग येत असंल तं येऊ दे. राग धरून बी सेवा करता येते. मी कितीकांची केली."

तारा आत गेली, लुगड्यांचं बोचकं घेऊन आली आणि भावाकडे न बघता आमच्या पुढं चालायला लागली.

शंकर त्यानंतर सव्वा महिना जगला. त्या सव्वा महिन्यात सिस्टर आत येऊन सही करायला लागल्या, मग दोन शब्द बोलायला लागल्या. डॉक्टरांचा रुमाल खिशात गेला. एकदा मी पाहिलं तर ते खाटेच्या कडेला बसून शंकरची नाडी बघत होते, नुसत्या बोटांनी. नत्थूभाऊंची काठी मात्र सुटली नाही. शंकर म्हणायचा, "राहू द्या, त्याले पोरीचं लगन करायचं आहे."

एका सकाळी पेज अर्धी झाली आणि शंकरनं मान वळवली. तारा समोर बसलेली होती. बाईंनी चमचा खाली ठेवला. पडून पडून होणारी एकही जखम पाठीला नसलेला माणूस गेला. त्या अवस्थेत ते किती अवघड असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

त्याला बाईंनी, तारानं आणि मी आंघोळ घातली. प्रश्न उचलायचा होता. शंकरच्या घरचं, ताराच्या माहेरचं कुणी आलं नव्हतं. एका ट्रकवाल्यानं गाडी आणून फाटकाशी उभी केली होती, पण खाली उतरत नव्हता. बाईंनी डोक्याकडून हात घातले. बोटं मिटेनात, स्ट्रेचरचा दांडा निसटत होता. तेव्हा नत्थूभाऊ आले. काठी भिंतीला टेकवली, बाईंना खांद्यानं बाजूला सारलं आणि दांडा धरला. बाई फक्त म्हणाल्या, "गुडघ्यातून वाका नत्थूभाऊ. कमरेतून नाई."

ताराच्या रक्ताचं उत्तर आलं. ते पाकीट बाईंनी बंदच ठेवून तिच्या हातात दिलं. तिनंच ते फोडलं; रक्त निर्दोष होतं.

शंकरनंतर तिसरा वॉर्ड बंद झाला नाही. आणखी तिघं आले, एकापाठोपाठ एक. टेबल तिथंच राहिलं. पण बाईंच्या हातांबद्दलचा अहवाल वर गेला होता. डॉक्टरांनी तो वैरानं पाठवला असं मी म्हणणार नाही. हात खरंच गेले होते. चंद्रपूरला तीन डॉक्टरांच्या मंडळापुढं बोलावणं आलं. मी सोबत गेले होते. मंडळातल्या एकानं रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी गुंडाळून बाईंच्या हातात दिली आणि सांगितलं, दाबा. पारा किती चढतो त्यावरून मुठीची ताकद कळते. बाईंनी दोन्ही हातांनी दाबलं. पारा जरासा हलला.

"पारा चढला नाई," बाई म्हणाल्या. "खोटं कायले सांगू. आता तुमी मले एक विचारा. पडून असलेल्या किती पेशंटच्या पाठीले माझ्या वॉर्डात जखम झाली?"

एका डॉक्टरांनी खरंच विचारलं, "किती?"

"मागच्या पाच वर्षांत एकालेबी नाई. तो पारा तुमच्या यंत्रात नाई."

मंडळानं अपात्र ठरवलं. महिन्याभरानं छापील अर्ज आला, त्यात 'स्वेच्छेने निवृत्त होत आहे' असं वाक्य होतं. कारकून म्हणाला, नुसती सही करा. बाईंनी पेन दोन्ही तळहातांत धरलं, 'स्वेच्छेने' खोडलं आणि वर मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं, 'मर्जीविरुद्ध'. मग सही केली. अर्ज परत आला, त्यांनी पुन्हा तसंच लिहिलं. तिसऱ्यांदा तो परत आला नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही शाल-श्रीफळ आणलं होतं. बाई म्हणाल्या, ड्यूटी दोनला संपते. दोनपर्यंत तिसऱ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याचं तोंड साफ करत होत्या. दोनला हात धुतले, किल्ल्या माझ्या हातात दिल्या. शाल म्हाताऱ्याच्या पायांवर टाकली आणि नारळ नत्थूभाऊंना फोडायला दिला.

त्या सिंदेवाहीला जाऊन राहिल्या. वासुदेवच्या घराशेजारी एक खोली घेतली. ऐकू यायचं की बाई गावोगाव फिरतात. जिथं कुणी अंथरुणाला खिळलंय तिथं जाऊन घरच्यांना कूस बदलायला, पेज भरवायला, चादर ओढायला शिकवतात. स्वतः हात लावत नाहीत, नुसतं सांगतात, आणि चुकलं की पुन्हा करायला लावतात. ताराही त्यांच्याकडे येऊन राहिली. बाईंनी बोलायचं आणि तारानं करायचं, असं ते चालायचं.

नव्वद साल उजाडायच्या आत माझी बदली परत साताऱ्याकडे झाली. नागपूरला गाडी धरायची होती. सिंदेवाहीच्या बसस्थानकावर माझी एस.टी. दहा मिनिटं थांबली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं तर समोर गडचिरोलीकडे जाणारी गाडी, आणि तिच्या दारात बाई.

पायरीवर उभ्या होत्या. बोटं दांडा धरू शकत नव्हती, म्हणून कोपराची कडी करून दांडा त्यात अडकवला होता. खाली तारा एका माणसाला धरून उभी होती. चादरीत गुंडाळलेला, काटकुळा, ओठ जांभळ्या औषधानं माखलेले. कंडक्टर आतून हात हलवत होता. मागच्या प्रवाशांपैकी कुणीतरी ओरडलं, "गाडी सोडा, बीमारीवाला आहे तो."

बाईंचा आवाज मला काचेतून ऐकू आला नाही. पण तोंड हलत होतं, सावकाश, वॉर्डात बोलायच्या तसंच. बोलून झालं की थांबत होत्या. कंडक्टरनं डबल बेल दिली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. बाई पायरीवरून हलल्या नाहीत, आणि बाई पायरीवर असताना त्याला गाडी हलवता येत नव्हती.

मी उठले. दारापर्यंत आले, हाक मारली. त्यांचा डावा कान माझ्याकडे होता.

आमच्या कंडक्टरनं मला आत घेतलं आणि दार लावलं. स्थानकाच्या फाटकातून वळताना मी मागं पाहिलं. एक प्रवासी उठून माणसाला आत घ्यायला हात पुढं करत होता, की दार ओढायला, ते मला दिसलं नाही. एवढं दिसलं की आमची गाडी सुटली होती आणि त्यांची उभी होती.